तेव्हा लवकर झालं, आता उशीर झालाय का? आयडियाची वेळ ओळखायची कशी

तिसरा_मजला:

सगळ्यांना नमस्कार. जरा लांब लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळंच सांगतो.

मी अकरा वर्षं लिफ्ट मेंटेनन्समध्ये आहे, आधी टेक्निशियन, आता सुपरवायझर. प्रत्येक व्हिजिटनंतर सर्व्हिस रिपोर्ट भरावा लागतो, काय तपासलं, काय बदललं, ब्रेक कसा आहे, रोप किती झिजलाय, दाराचं लॉक नीट बसतंय का, पुढच्या खेपेला काय बघायचं. आणि हे सगळं लिहायचं तेव्हा माणसाचे दोन्ही हात ग्रीसने माखलेले असतात. त्यामुळे होतं काय, की दिवसभरात पाच-सहा ठिकाणची कामं उरकून माणूस संध्याकाळी एका जागी बसतो आणि आठवून आठवून सगळे रिपोर्ट भरतो, तोवर निम्मं डोक्यातून गेलेलं असतं.

२०१८ ला मी आणि माझ्या मित्राने यावर एक अॅप केलं. टेक्निशियनने काम करता करता फोनवर नुसतं बोलायचं, रिपोर्ट आपोआप तयार. मी नोकरी सांभाळून करत होतो, त्याने मात्र सोडली होती. चौदा महिने चाललं. पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, उतरलं की नेटवर्क गायब आणि तेव्हा आवाज ओळखायचं काम सर्व्हरवर व्हायचं. मशिन रूममध्ये मोटरचा आवाज. वर आमची माणसं पार्टची नावं इंग्रजीत आणि बाकी सगळं आपल्या भाषेत असं एकाच वाक्यात बोलतात, त्याचं पार कडबोळं व्हायचं. दोघांची साठवलेली रक्कम संपली, मित्र परत नोकरीला लागला. आम्ही अजून बोलतो पण हा विषय दोघंही काढत नाही.

गेल्या महिन्यात जुन्या हार्ड डिस्कवर तेव्हाची रेकॉर्डिंग सापडली. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं, बोलणं ऐकून लिहून देणारं मॉडेल मोफत खुलं केलंय, त्याचं छोटं रूप नेटशिवाय फोनवरही चालतं, म्हणून सहज त्यातून ती रेकॉर्डिंग घातली. ज्या क्लिपमधून तेव्हा एक शब्द धड येत नव्हता ती जवळजवळ बरोबर उतरली. मोटरच्या आवाजासकट! त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण सकाळी उठल्यावर दुसराच विचार आला, की हे मला फुकट मिळतंय म्हणजे सगळ्या जगाला फुकट मिळतंय. आता कुणीही हे दोन महिन्यांत उभं करेल. तेव्हा आम्ही लवकर होतो, आता उशीर झालाय का, आणि मधली ती बरोबर वेळ नेमकी कधी येऊन गेली?

अनेक स्टार्टअप काढणाऱ्या बिल ग्रॉस यांचं २०१५ चं टेड भाषण दोनदा ऐकलं. दोनशे कंपन्या तपासून ते म्हणतात की यश-अपयशातला ४२ टक्के फरक टायमिंगमुळे पडतो, आयडियामुळे फक्त २८. पटलं. पण वेळ बरोबर आहे हे आधी कसं कळायचं? नंतर तर कुणालाही कळतं. ज्यांनी प्रत्यक्ष काही केलंय त्यांनी सांगा.

---

जुना_कोडवाला:

आधी त्या ४२ टक्क्यांबद्दल. ग्रॉस यांनी आपल्या आयडियालॅबमधल्या (स्टार्टअप उभ्या करणारी त्यांची कंपनी) आणि बाहेरच्या कंपन्यांना स्वतः गुण देऊन तो आकडा काढलाय, आणि तोही निकाल लागल्यावर. त्यामुळे ४२ की ३५ यात अडकू नका. त्या भाषणातली झेड डॉट कॉमची गोष्ट जास्त कामाची आहे. इंटरनेटवर व्हिडिओ दाखवणारी त्यांचीच कंपनी, पैसा होता, माणसं होती, पण १९९९-२००० च्या सुमाराला ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघायला लोकांना कोडेक (व्हिडिओ उलगडून दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर) शोधून टाकावं लागायचं आणि घरोघरी इंटरनेट संथ होतं. कंपनी २००३ मध्ये बंद पडली. २००५ मध्ये यूट्यूब आलं तोवर ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेअरने कोडेकचं झंझट संपवलं होतं आणि ब्रॉडबँड पसरलं होतं.

इथे ‘वेळ’ म्हणजे काही हवेतली गोष्ट नाहीये, दोन ठरावीक कुलपं होती आणि ती ठरावीक वर्षांत उघडली. म्हणून मी तुम्हाला एकच काम सांगतो, २०१८ ला अॅप का चाललं नाही ते एका वाक्यात लिहा. एकाच. नेटवर्क, आवाज, भाषा असं तिन्ही लिहू नका, त्यातलं ज्याने खरा जीव घेतला तेच लिहा. आणि ते लिहिताना स्वतःला हेही विचारा की ही तिन्ही कारणं नसती तर कंपन्यांनी पैसे दिले असते का? मी असे बरेच लोक पाहिलेत जे म्हणतात टेक्नॉलॉजी तयार नव्हती, आणि खोदून विचारलं की कळतं की गिऱ्हाईकालाच ते नको होतं.

दुसरं म्हणजे टेक्नॉलॉजी तयार होणं हे पहिलंच कुलूप असतं. क्यूआर कोड बघा. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने गाड्यांच्या पार्टचा हिशोब ठेवायला तो काढला, म्हणजे वस्तू तेव्हापासून पूर्ण तयार. मधे किती जणांनी जाहिरातीत, मासिकात, भिंतीवर लावून पाहिला, पण सामान्य माणूस काही स्कॅन करेना कारण त्यासाठी वेगळं अॅप टाकावं लागायचं. २०१७ मध्ये आयफोनचा कॅमेरा स्वतःच तो वाचायला लागला. आणि २०२० च्या साथीत कशालाही हात लावायची भीती बसली तेव्हा अनेक ठिकाणी तो पहिल्यांदा रोजच्या सवयीचा झाला. पंचवीस वर्षं! आधी वस्तू तयार झाली, मग ती न मागता प्रत्येकाच्या खिशात आली, मग सवय लागली. तुमचं पहिलं कुलूप उघडलंय हे त्या रेकॉर्डिंगने दाखवलं. बाकीच्या दोघांचं काय?

---

सावकाश_चला:

मी तुमच्यासारखीच एकदा लवकर पोचलेली आहे म्हणून लिहिते. २०१५-१६ मध्ये आम्ही तिघींनी कारखान्यातल्या मशिनची लांबून व्हिडिओवर तपासणी करून द्यायची सर्व्हिस काढली होती. जिथे दाखवायला जायचो तिथे लोक म्हणायचे फारच छान आहे, याची गरजच होती. चहापाणी व्हायचं, आम्ही हरखून परत यायचो. आणि ऑर्डर एक नाही. दीड वर्षाने मला कळलं की ‘फारच छान’ म्हणणाऱ्यांपैकी एकाही माणसाने ती अडचण सोडवायला स्वतःहून काहीच केलेलं नव्हतं. अडचण होती, पण कुणी हातपाय मारावेत इतकी नव्हती.

तेव्हापासून मी एकच बघते, की लोकांनी काही जुगाड केलाय का? वेळ आलेली असते तेव्हा तुमच्या आधी लोकांनी वेडंवाकडं काहीतरी जोडून काम चालवायला सुरुवात केलेली असते. तुमचे टेक्निशियन आत्ता काय करतात ते जाऊन बघा. कुणी व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवतो का? कुणी कंट्रोलरचा (लिफ्ट चालवणाऱ्या पॅनेलचा) फोटो काढून ग्रुपवर टाकतो का? आणि ऑफिसात बसून ते ऐकून टाइप करणारं कुणी आहे का? असेल तर तुमची वेळ आलीये, उलट तुमच्याविनाच गाडी निघालीये. असं काहीच नसेल आणि सगळे संध्याकाळी मुकाट्याने कागद भरत असतील, तर मॉडेल कितीही भारी असो, मी थांबेन.

आणि कृपा करून ‘तुम्ही असं अॅप वापराल का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी हो असतं. ‘काल शेवटचा रिपोर्ट कसा भरलास, कुठे बसून, किती वाजता’ असं विचारा आणि गप्प बसा.

मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्या तिघींचंही काही काळ तसंच झालं होतं. त्याला हे रेकॉर्डिंग ऐकवलंत का? मी असते तर मला ऐकायला आवडलं असतं, पुढे काही करायचं नसलं तरी.

---

रात्रपाळी:

मित्रा, उशीर झालाय ही भीती डोक्यातून काढ आधी. गूगल १९९८ चं, अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन १९९५ मध्येच होतं आणि चांगलं चालत होतं. फेसबुक २००४ चं, सिक्स डिग्रीज १९९७ चं, फ्रेंडस्टर २००२ चं. आयपॉड २००१ मध्ये आला तेव्हा एमपीथ्री प्लेअर बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती. पहिला आला म्हणून जिंकला असं फार कमी वेळा होतं.

‘कुणीही दोन महिन्यांत करेल’ हे अर्धंच खरं आहे. आवाजाचं अक्षर करणं कुणीही करेल. पण गाइड शू आणि डोअर शू यातला फरक, कुठल्या कंट्रोलरवर कुठला एरर कोड, रिपोर्टमध्ये काय राहिलं तर पुढच्या खेपेला कुणाचा जीव जाऊ शकतो, हे त्या कुणालाही माहीत नाहीये. तुला आहे.

मला काळजी वेगळी आहे. तू आजची परिस्थिती बघतोयस, पण वस्तू हातात येईल तेव्हाची बघायला हवी. इरिडियमचं उदाहरण घे. मोटोरोलाच्या लोकांना १९८७ मध्ये सुचलं की उपग्रहावरून जगात कुठेही चालेल असा फोन करावा, आणि तेव्हा ते अगदी बरोबर होतं कारण मोबाइल टॉवर जवळजवळ कुठेच नव्हते. ६६ उपग्रह, सुमारे ५ अब्ज डॉलर खर्च. सर्व्हिस सुरू झाली नोव्हेंबर १९९८ मध्ये. तोवर साधे मोबाइल खिशात मावायला लागले होते, शहरोशहरी टॉवर आणि परदेशातही रोमिंग, आणि यांचा फोन विटेएवढा, तीन हजार डॉलरच्या आसपास, आणि बिल्डिंगच्या आत चालत नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. सुचलं तेव्हा वेळ बरोबर होती, बांधता बांधता निघून गेली.

तुझ्या धंद्यात असं उलटं वारं कुठलं हे शोध. मला बाहेरून एक दिसतं. लिफ्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या लिफ्टमध्येच सेन्सर बसवतायत, थिसेनक्रुपने २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर मॅक्स नावाची तशी सर्व्हिस काढली, कोनेने आयबीएमबरोबर २०१७ मध्ये कनेक्टेड सर्व्हिस आणली. उद्या लिफ्टच स्वतःचा रिपोर्ट द्यायला लागली तर टेक्निशियनच्या बोलण्याची गरज किती उरते? मला माहिती नाही, तू सांग.

अजून एक, हे टाळू नकोस. व्हिस्परला शांतता किंवा नुसता घरघराट मिळाला की ते कधी कधी न बोललेली वाक्यं लिहून टाकतं. मीटिंगच्या नोंदीत चालून जाईल, पण लिफ्टच्या रिपोर्टमध्ये ‘ब्रेक तपासला, ठीक आहे’ असं कुणी न बोलता उमटलं तर? त्यामुळे पहिलं कुलूप पूर्ण उघडलंय असं मी तरी म्हणणार नाही.

---

तिसरा_मजला:

ते न बोललेलं वाक्य वाचून पोटात गोळा आला, लगेच तपासलं. खरं आहे. चाळीस सेकंद नुसती मोटर चालू असलेली एक क्लिप होती, त्यात मॉडेलने दोन वाक्यं स्वतःच्या मनाने घातली. निरुपद्रवी होती, पण होती. म्हणजे जे काही करेन त्यात टेक्निशियनला प्रत्येक ओळ परत ऐकवून हो म्हणवून घ्यावं लागेल, आणि ब्रेक, रोप, गव्हर्नर (वेग फार वाढला की लिफ्ट रोखणारा भाग), दाराचं लॉक एवढ्या गोष्टी तरी बोलण्यावर सोडायच्याच नाहीत, बोटाने टिक करायच्या.

सेन्सरबद्दल, दार किती वेळा उघडलं, कार म्हणजे लिफ्टची केबिन मजल्याला बरोबर थांबते का, मोटर गरम होते का हे सेन्सर सांगतो. पण माणसाने हाताने काय केलं, कुठला बोल्ट आवळला, काय बघून त्याला शंका आली हे तो सांगत नाही. आणि मी ज्या लिफ्ट सांभाळतो त्यातल्या बऱ्याच वीस-पंचवीस वर्षं जुन्या आहेत, त्या बदलायला वेळ लागेल. तरी वारं उलटं आहे हे मान्य, दहा वर्षांनी हाच धंदा असाच असेल असं धरून चालणार नाही.

आता ते एक वाक्य. जुना_कोडवाला, तुमच्या त्या प्रश्नाला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी लिहिलं ‘पिटमध्ये नेटवर्क नव्हतं’. दुसऱ्या दिवशी खोडलं. आज लिहिलेलं असं आहे: रिपोर्ट कुणी वाचतच नव्हतं, ऑफिसला फक्त गिऱ्हाईकाची सही हवी होती कारण सहीवर बिल निघतं. आम्ही चौदा महिने सुधारत होतो ती गोष्ट चुकली काय आणि बरोबर आली काय, कुणाला फरक पडत नव्हता. हे मला तेव्हाही कुठेतरी माहीत होतं असं आता वाटतं.

मग आता काय बदललंय हे बघायला हवं. बाहेर पडून विचारतो आणि परत लिहितो.

---

जुना_कोडवाला:

हे वाक्य लिहिलंत तेच मोठं काम झालं. जाताना वेबव्हॅन डोक्यात ठेवा. घरपोच किराणा, १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये शेअर बाजारातून ३७.५ कोटी डॉलर उचलले, स्वतःची अवाढव्य यांत्रिक गोदामं बांधली, २००१ च्या जुलैत संपलं. तीच गरज २०१२ मध्ये इन्स्टाकार्टने हातात घेतली, पण गोदाम न बांधता, आहेत त्या दुकानांतून फोन घेतलेली माणसं सामान उचलतायत. गरज तीच, पण मधल्या काळात स्मार्टफोन आल्यामुळे ती भागवायचा आकारच वेगळा झाला. जुनं अॅप नव्या मॉडेलने परत बांधायचं एवढंच मनात ठेवून निघालात तर वेगळा आकार समोर असूनही दिसणार नाही.

---

सावकाश_चला:

आणि किती महिने कळ काढू शकता हे निघायच्या आधी ठरवा. लाउडक्लाउड माहीत असेल, १९९९ ची कंपनी, दुसऱ्यांचे सर्व्हर भाड्याने चालवून द्यायचे, म्हणजे आज ज्याला क्लाउड म्हणतात साधारण तेच, अॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड स्टोरेजच्या सात वर्षं आधी. लवकरच होते ते. पण २००२ मध्ये त्यांनी तो चालू धंदा विकला आणि तो चालवायला स्वतःसाठी जे सॉफ्टवेअर लिहिलं होतं तेवढं हातात ठेवून ऑप्सवेअर नावाने पुढे गेले, २००७ मध्ये एचपीने ती १.६ अब्ज डॉलरला घेतली. लवकर असणं निभावता येतं, जर मधल्या काळात विकण्यासारखं काही हाताशी असेल तर. आमच्या हाताशी काहीच नव्हतं. या खेपेला नोकरी सोडू नका एवढं मात्र आग्रहाने सांगते.

---

तिसरा_मजला (सव्वीस दिवसांनी):

परत आलो. नऊ टेक्निशियन आणि ऑफिसात रिपोर्ट बघणाऱ्या चौघांशी बोललो, त्यातले बरेचसे दुसऱ्या कंपन्यांतले. ताईंनी सांगितलं तसं ‘काल शेवटचा रिपोर्ट कसा भरलास’ एवढंच विचारलं आणि गप्प बसलो. गप्प बसणं फार अवघड गेलं.

नऊपैकी पाच जण आधीच व्हॉइस नोट पाठवतात! कुणी सांगितलेलं नाही, आपल्या आपण सुरू केलंय. आणि चारपैकी दोन ऑफिसांत एक जण संध्याकाळी त्या सगळ्या नोट दुप्पट स्पीडने ऐकून एक्सेलमध्ये टाइप करतो. त्यातल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली, तिने पार्टच्या नावांची स्वतःची यादी केलीये, कारण प्रत्येक टेक्निशियन एकाच पार्टला वेगळं नाव घेतो. तीन पानं भरून. मी ती वही बघत उभाच राहिलो, आम्ही २०१८ ला जे करायला हवं होतं ते तिने पेनाने केलं होतं.

का टाइप करतात हे विचारलं तेव्हा खरं कळलं. रिपोर्टसाठी नाही, रिपोर्ट अजूनही कुणी वाचत नाही. चुकीचा स्पेअर पार्ट मागवला जातो म्हणून. माणूस बोलतो एक, स्टोअरवाला ऐकतो दुसरं, चार दिवसांनी पार्ट येतो तो बसत नाही, तोवर लिफ्ट बंद आणि गिऱ्हाईक फोनवर. एका मालकाला मी रिपोर्टच्या अॅपचं विचारलं तर म्हणाले नको, आहे ते बरं आहे. पार्ट बरोबर यायची खात्री दिली तर, म्हटलं, आणि ते खुर्ची सरकवून पुढे आले, किती घ्याल विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न माझ्याकडे आला.

तर रिपोर्ट मी सोडला. टेक्निशियन कार टॉपवरून, म्हणजे केबिनच्या छतावरून, बोलणार, एक फोटो काढणार, आणि समोर तीन पार्ट चित्रासकट येणार, त्यातल्या एकावर तो बोट ठेवणार. मॉडेलने न बोललेलं काही घातलं तरी चित्रात ते लगेच दिसेल. पहिले दोन महिने अॅपसुद्धा करणार नाहीये, व्हॉइस नोट माझ्या नंबरवर येतील आणि रात्री मी स्वतः यादीशी जुळवून सकाळी स्टोअरला पाठवेन. त्या मालकांनी दोन महिन्यांचे पैसे आगाऊ दिलेत. नोकरी सोडलेली नाही. डिसेंबरपर्यंत अजून दोघांनी स्वतःहून मागितलं नाही तर थांबायचं, हे घरात सांगून ठेवलंय.

आणि मित्राला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात त्याचाच आवाज होता, पिटमध्ये उतरून टेस्ट करताना ओरडतोय की येतंय का बघ. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला परत लाव.

---

रात्रपाळी:

वाचून खूप बरं वाटलं मित्रा. एक सांगतो, त्या मुलीची यादी तिच्या परवानगीशिवाय वापरू नकोस, आणि वापरलीस तर तिला तिचा मोबदला दे. आणि रात्री तू जुळवशील तेव्हा कुठे अडखळलास, कुठली दोन नावं सारखी ऐकू आली, हे पहिल्या दिवसापासून तारीख टाकून लिहून ठेव.

---

तिसरा_मजला:

तिला विचारलं, ती उद्या संध्याकाळी वही घेऊन येतेय, मित्रही येणार आहे. मीही तारखा टाकून लिहायला वेगळी वही आणलीये, काल रात्री पहिल्या सात नोट आल्या. दोन जुळल्या नाहीत, दोन्हीत रोलर.